दोनशे बारावं नाव

तेहरानपार्स, १२ मेहर

इंजिनिअरसाहेब,

वर आधी 'होर्मोज' लिहिलं होतं आणि खोडलं. कागद उजेडात धरलात तर दिसेल.

आपला अबोला मोडलेला नाही. आईच्या सातव्याला तू हलव्याची ताटं उचलून झाल्यावर आलास आणि दारात उभं राहून 'गर्दीत अडकलो' म्हणालास. शहराची गर्दी आवरायचा पगार घेणारा माणूस! तेव्हापासून मी तुझ्याशी बोललेले नाही आणि आत्ताही बोलत नाहीये, लिहितेय. लिहिणं म्हणजे बोलणं नव्हे, हे मी दोन दिवस विचार करून ठरवलं. खरं आहे की नाही, देव जाणे.

काम माझं नाही. बहारेस्तानजवळची आमची कर्णबधिर मुलांची शाळा तुला माहीत आहे. तिथे आगा बरात नावाचे एक गृहस्थ आपल्या जुन्या हिरव्या व्हॅनमधून रोज सहा मुलं आणतात. मुलं राहतात पार दक्षिणेला, शहर-ए-रेच्या वस्त्यांत. शाळा तुमच्या वाहतूक-हद्दीच्या आत. सकाळी साडेसहाला तुमचे कॅमेरे डोळे उघडतात, आणि मग आत शिरणाऱ्या प्रत्येक गाडीनं पैसे मोजायचे. नऊ वर्षं बरातच्या व्हॅनला सूट होती. यंदा अर्ज परत आला. वर शिक्का: कोटा पूर्ण.

रोज पैसे भरून आत यायचं म्हटलं तर बरातला जे मिळतं ते सगळं शूश चौकातल्या कॅमेऱ्याखाली ठेवून यावं लागेल. पालकांकडून जास्त घ्यावेत, तर ते पालक काय आहेत ते मी पाहिलंय.

मेट्रोनं आणा, असं तू म्हणशील. आणून पाहिलं. इमाम खुमैनी स्टेशनवर गाडी बदलताना लोंढ्यात नर्गोलचा हात सुटला. नऊ वर्षांची पोर. सगळं स्टेशन तिच्या नावानं ओरडत होतं आणि तिला त्यातलं एक अक्षर ऐकू येत नव्हतं. दोन तासांनी तिसऱ्याच स्टेशनवर सापडली, बाकावर ताठ बसलेली. आता तिची आई म्हणते, व्हॅन येत नसेल तर शाळा बंद. तिच्यामागे बाकीच्याही तेच म्हणतील. सहा मुलं घरी बसतील, होर्मोज. आमच्याकडे मुलं घरी बसली की भाषेशिवाय राहतात. इतर मुलांसारखं नाही ते.

मी स्वतः रोज माझ्या प्राइडमधून हद्दीत येते. शाळेत गाडी असलेली मी एकटीच. चार वर्षांपूर्वी मुख्याध्यापिकांनी माझं नाव शिक्षक म्हणून पाठवलं आणि आजवर एकदाही दंड आला नाही. तेवढं तुमच्या कार्यालयानं नीट केलं. म्हणूनच वाटतं की हेही करता येईल.

उत्तर दे. भेटायची गरज नाही.

सूदाबे
(तुझ्या मावशीची मुलगी. विसरला असशील तर.)


तेहरान, २० मेहर

सूदाबे जान,

कागद उजेडात धरला. दिसलं. तीन वर्षांत इतका आनंद कशानं झाला नव्हता. अम्मांना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "खोडलं का होईना, लिहिलं तर! बहिणीची पोर आहे माझी." आणि लगेच तुझ्यासाठी आलुबुखारे वाळत घातले. ते कोण पोचवणार, हे त्यांनी अजून मला सांगितलेलं नाही.

आता कामाचं. व्हॅनचा अर्ज मी काढून पाहिला. अपंगांसाठी सूट आहे, पण गाडी त्या व्यक्तीच्या किंवा तिच्या वडलांच्या नावावर हवी. सहाही वडलांकडे गाडी नाही. गाडी बरातची, आणि बरात धडधाकट. नियमाच्या भाषेत तुझी मुलं अपंग आहेत, पण व्हॅन अपंग नाही. हसू नकोस. मीही हसलो नाही. पूर्वीची नऊ वर्षं कुणीतरी भला कारकून डोळेझाक करत होता, तो निवृत्त झाला.

पण एक सांगतो, चिडू नकोस. मला ही हद्द पटते. आपण लहान असताना बहारेस्तानातून फिरून आलो की रुमालाला नाक पुसल्यावर काय निघायचं, आठव. हद्द नसती तर तुझ्या शाळेसमोर मुलांना रस्ता ओलांडता आला नसता. जो रस्ता सगळ्यांना हवा आहे त्याची काहीतरी किंमत लावावीच लागते, नाहीतर ज्याची गाडी मोठी त्याचा रस्ता होतो. हे मी पगारासाठी म्हणत नाही.

व्हॅनचं पाहतो. वेळ लागेल. तुझ्या स्वतःच्या सूटीचं राहू दे, तो विषय नको काढूस कुठे.

होर्मोज


तेहरानपार्स, २३ मेहर

इंजिनिअरसाहेब,

'पाहतो', 'वेळ लागेल'. हे दोन शब्द तुमच्या कार्यालयाच्या दारावर कोरून ठेवा.

काल सकाळी मी काय पाहिलं ते सांगते. शूश चौकाच्या अलीकडे माझी गाडी अडकली होती. पुढे बरातची हिरवी व्हॅन. ती चालण्याच्या वेगानं सरकत होती, आणि तिच्या मागे, अगदी नंबरपाटीला चिकटून, तीन मुलं एका ओळीत चालत होती. नर्गोल, तिची धाकटी बहीण सेपीदे, आणि इलिया, जो माझ्या कमरेइतका आहे. धुराच्या नळीपासून हातभर अंतरावर. कॅमेऱ्याला पाटी दिसू नये म्हणून.

या शहरात मोठी माणसं पाटीवर फडकं टांगतात, चिखल फासतात, मोटरसायकलवाले मागे बसलेल्या बायकोला चादोर खाली सोडायला लावतात. ते आपण सगळे हसून बघतो. पण ही मुलं! मी गाडी तिथेच सोडून धावले. बरातच्या खिडकीवर हात आपटला.

"लाज नाही वाटत? मागून कुणी धडकलं तर? त्यांना हॉर्न ऐकू येतो का?"

बरात रडकुंडीला आला होता. "खानम, माझ्या मुलांची शपथ, मी नाही सांगितलं. त्यांनीच शोधून काढलं. मी नको नको म्हणतोय तर माझ्याकडे बघतच नाहीत, आणि हाक मारावी तर कशी मारू?"

मुलांना वाटलं मी शाबासकी द्यायला आलेय. सेपीदेनं हातांनी विचारलं, "कॅमेऱ्याला दिसलो नाही ना आम्ही?"

मी रात्रीपर्यंत स्वतःला विचारत होते, हा राग योग्य माणसावर आहे का? हद्द वाईट नाही, तुझं म्हणणं मला कळतं. हवेचं खरं आहे. पण मग आमच्या शाळेसमोरच्या गालिच्यांच्या दुकानाचा मालक दिवसातून तीनदा आपली बोटीएवढी गाडी आत-बाहेर कशी करतो? काल त्यालाच विचारलं. तो म्हणाला, "आम्ही पत्रकारांच्या कोट्यात आहोत, खानम," आणि डोळा मारला. पत्रकार! हा माणूस बिलसुद्धा दुसऱ्याकडून लिहून घेतो.

म्हणजे कोटा पूर्ण आहे, तो असा पूर्ण आहे. मला त्या कोट्याची यादी हवी. नावांसकट.

सूदाबे


तेहरान, ९ आबान

सूदाबे जान,

उशीर झाला, माफ कर. तीनदा पत्र लिहिलं आणि फाडलं.

मुलांचं वाचून मी जेवलो नाही. मी बरातला चौकात गाठलं आणि हात जोडून सांगितलं, पुन्हा असं होऊ देऊ नका. त्यानं मला पालकच समजलं. म्हणाला, "तुमचं मूल कोणतं, आगा?"

यादीबद्दल: मागू नकोस. माझ्यासाठी म्हणून मागू नकोस. तू समजतेस तसं त्यात सगळे चोर नाहीत. काही नावं कुणीतरी प्रेमानं घातलेली असतात. यादी बाहेर आली तर ज्याला कुणाला तू पाडायला निघाली आहेस तो पडणार नाही, भलतंच कुणीतरी पडेल. व्हॅनसाठी मी दुसरा रस्ता शोधतोय. मला वर्षअखेरपर्यंत वेळ दे.

आलुबुखारे वाळले. अम्मा विचारत होत्या.

होर्मोज


तेहरानपार्स, १२ आबान

इंजिनिअरसाहेब,

'प्रेमानं घातलेली नावं'! वा! चोरीला इतकं गोड नाव या शहरातही अजून कुणी दिलं नव्हतं. तुझ्या साहेबांचं नाव आहे का यादीत? की तुझंच? इतकं अवघडून तू फक्त एकदाच बोलला होतास, आईच्या सातव्याला, दारात.

वर्षअखेरपर्यंत म्हणे. वर्षअखेरपर्यंत नर्गोल आणि सेपीदे काय करतील? त्या शनिवारपासून आलेल्या नाहीत. मी काल त्यांच्या घरी गेले. त्यांची आई रअना स्वतः बहिरी आहे. तिला लहानपणी शाळा मिळाली नाही, चौदाव्या वर्षी पहिल्यांदा दुसरं बहिरं माणूस भेटलं, तोपर्यंत तिला स्वतःच्या नावाचीही खूण नव्हती. ती मला हातांनी म्हणाली, "पोरी जिवंत राहिल्या तर पुढे शिकतील." सेपीदे कोपऱ्यात बसून भिंतीला काहीतरी शिकवत होती.

आम्ही अर्ज केलाय. यादी जाहीर करा म्हणून. पालकांच्या सह्या, मुख्याध्यापिकांची सही, सगळ्यात वर माझी सही. ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी अंगठे दिलेत. एकेका अंगठ्याची शपथ घेऊन सांगते, जी नावं निघतील ती मी शाळेच्या फाटकावर लावीन. कुणी का असेना.

आलुबुखारे अम्मांनाच खाऊ घाल.

सूदाबे


तेहरानपार्स, ४ आजर

होर्मोज,

यादी लागली. तुला माहीत असेलच, तुझ्याच मजल्यावर लागली. नगरसभेत कुणीतरी आरडाओरडा केला आणि तुमच्या साहेबांनी रागाच्या भरात आठ दिवस हरकतींसाठी ती कॉरिडॉरमध्ये चिकटवली, असं शिपाई म्हणाला. तू तुझ्या खोलीत होतास. दाराच्या काचेतून तुझं डोकं दिसत होतं. तू एकदाही मान वर केली नाहीस.

आम्ही तिघं होतो. बरातला अक्षरं नीट लागत नाहीत, म्हणून मी मोठ्यानं वाचत होते. रअनाला ऐकू येत नाही, म्हणून तेच हातांनीही सांगत होते. तोंड आणि हात, दोन्ही एकदम. मला त्याची सवय आहे. आणि खरं सांगू? मजा येत होती. प्रत्येक नावाला मी शेपूट जोडत होते. गालिचेवाला आला. "हे बघा, थोर पत्रकार!" कुठल्याशा दंतवैद्याची बायको आली. "या बातम्या दातांतून काढतात!" बरात हसत होता. मागे चारदोन लोक जमले होते, तेही हसत होते. मी हुशारीत होते. इतकी वर्षं मी लोकांना बरोबर-चूक शिकवतेय, आणि त्या दिवशी सगळं चूक माझ्यासमोर छापून भिंतीवर लावलेलं होतं.

दोनशे अकरा वाचलं. मग दोनशे बारा.

माझं नाव. माझा नंबर. पुढे: पत्रकार.

माझे हात हवेत थांबले. तोंड आधी थांबलं की हात आधी, ते आठवत नाही.

"पुढे वाचा ना, खानम," बरात म्हणाला.

मी दोनशे तेरा वाचलं.

हे लिहिण्यासाठी मी पत्र घेऊन बसलेय, बाकी काही नाही. मी दोनशे बारा गाळलं आणि दोनशे तेरा वाचलं. मोठ्यानं, हातांनी, दोन्ही भाषांत. मग दोनशे चौदा. त्यानंतर एकही विनोद केला नाही, तेवढाच काय तो प्रामाणिकपणा. रअना माझ्या हातांकडे नाही, तोंडाकडेही नाही, डोळ्यांकडे बघत होती.

घरी येऊन मी विचार केला की कुणीतरी माझ्या नावानं खोडी केली असेल. मग आठवलं की खोडी करणाऱ्याला माझ्या गाडीचा नंबर कुठून माहीत? मग तुझ्या पत्रातलं ते वाक्य पुन्हा वाचलं. तुझ्या स्वतःच्या सूटीचं राहू दे.

तू आहेस ना हा? काय केलंस तू? आणि मला का नाही सांगितलंस?

सूदाबे


तेहरान, ७ आजर

सूदाबे,

हो, मीच.

चार वर्षांपूर्वीच्या, आपल्या परस्तूच्या लग्नाचं आठव. नवरीच्या गाडीपुढे तुझी प्राइड आडवी लावलेली होती, सगळी गल्ली हॉर्न वाजवत होती. तू आत बायकांत, म्हणून मी ती बाजूला घेतली. किल्ली परत देताना तू म्हणालीस, रोज शाळेला जायचं म्हणजे हद्दीचे पैसे की पेट्रोल, एकच परवडतं. मी म्हणालो, "नंबर पाहिलाय मी तुझा, हद्दीचं माझ्यावर सोड." तू म्हणालीस, "छे, तुला कशाला त्रास!" मी म्हणालो, "त्रास कसला, तुझ्यावरून जीव ओवाळून टाकला." मग तू आभार मानलेस, "हात दुखू नयेत तुझे."

तुला वाटलं आपण तआरोफ करतोय. दोघांनी गोड बोलायचं आणि घरी जाऊन विसरायचं. मला वाटलं, तू रीतीप्रमाणे तीनदा नाही म्हणाली नाहीस, म्हणजे मनापासून हो म्हणालीस. सगळं आयुष्य या लोकांत काढून मला अजून खोटं 'नको' आणि खरं 'नको' यांतला फरक कळत नाही.

शाळेनं शिक्षक म्हणून पाठवलेलं नाव नाकारलं गेलं होतं. तू त्या पालकांच्या मासिकात हातांच्या भाषेवर दोन पानं लिहिली होतीस, त्या जोरावर मी तुला पत्रकार केलं. एकदाच करणार होतो.

मग मावशी गेली आणि तू बोलायची थांबलीस. सूट दरवर्षी वर्षअखेरच्या एस्फंद महिन्यात नव्यानं भरावी लागते. मी दरवर्षी भरली. वर्षातून एकदा तुझं नाव लिहायला मिळायचं, तेवढंच. खोली बंद करून, चांगल्या अक्षरात.

कोट्याला ठरावीक जागा आहेत. तुझ्या जागेवर कोण बसलं असतं, हे मी कधी स्वतःला विचारलं नाही. तुझं पहिलं पत्र आल्यापासून रोज विचारतोय.

आणि त्या दिवशी मी खरंच गर्दीत अडकलो होतो. यापुढे मी हे पुन्हा सांगणार नाही.

होर्मोज


तेहरानपार्स, १५ आजर

होर्मोज,

तुझं पत्र चार वेळा वाचलं. तिसऱ्यांदा वाचताना रडले, चौथ्यांदा संताप आला, आणि तो अजून उतरलेला नाही. तू माझ्यावर माया केलीस ती दुसऱ्याच्या जागेवर बसवून. मला विचारलंही नाहीस. मी चार वर्षं त्या कॅमेऱ्याखालून मान ताठ ठेवून गेले! बरातच्या व्हॅनला मागे टाकून गेले! वर तुला पहिल्या पत्रात लिहिलं की तेवढं तुमच्या कार्यालयानं नीट केलं.

पण सगळं तुझ्यावर टाकून मी सुटत नाही. चार वर्षांत मी एकदा तरी विचारायला हवं होतं की शाळेतल्या एकाच बाईला सूट कशी. विचारलं नाही, कारण उत्तर सोयीचं नसेल असं कुठेतरी माहीत होतं. हे मी डायरीत लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं.

काल शाळा सुटल्यावर बरातला थांबवलं. रअनालाही बोलावलं होतं. सांगून टाकलं. दोनशे बारावं नाव माझं आहे, मी ते गाळलं, मला माफ करा.

बरातनं टोपी काढली, डोकं खाजवलं. म्हणाला, "खानम, ते तर आम्हाला माहीत होतं."

"यादीत पाहिलंत?"

"यादी कशाला? तुमच्या गाडीला चार वर्षांत एकदाही दंड नाही. शूश चौकातलं पोरसुद्धा सांगेल, त्या बाईंचा आत वशिला आहे. म्हणून तर आम्ही मुख्याध्यापिकांकडे न जाता तुमच्याकडे आलो." मग माझा चेहरा बघून घाईघाईनं म्हणाला, "वाईट वाटून घेऊ नका. वशिला असणं काही वाईट नाही. आम्हाला नाही, एवढंच वाईट."

रअनानं माझे दोन्ही हात धरून खाली केले. आमच्यात कुणाचे हात धरणं म्हणजे त्याच्या तोंडावर हात ठेवणं. मग सोडले आणि स्वतःच्या हातांनी सांगितलं, "त्या दिवशी तुझे हात थांबले, तेव्हाच मी वाचलं. मुली कधी येणार ते सांग."

शाळेतल्या इतक्या वर्षांत मला कुणी इतक्या कमी शब्दांत सगळं सांगितलं नव्हतं.

आता ऐक. माझं नाव काढ. गुपचूप काढू नकोस, कारण लिहून काढ. कुणी घातलं, कोणत्या खोट्या सबबीवर, आणि ती जागा कुणाला हवी होती. बरातच्या व्हॅनचा अर्ज त्याला जोड. तुझ्या नोकरीला धक्का बसेल हे मला कळतं. मला ते बघवणार नाही. तरी लिही.

आणि मी फाटकावर नावं लावणार होते ना? लावली. पहिल्या ओळीत दोनशे बारा.

सूदाबे


तेहरान, २६ आजर

सूदाबे,

लिहिलं. तू सांगितलंस तसं, सगळं. खाली सही केली आणि साहेबांच्या टेबलावर ठेवलं. त्यांनी वाचलं आणि म्हणाले, "इंजिनिअर, तब्येत बरी आहे ना? घरी काही झालंय का?"

मी म्हणालो, "मावसबहीण बोलत नाही."

ते म्हणाले, "मग हे कशाला, फुलं पाठवायची!"

तुझं नाव सकाळी दहाला निघालं. दुपारच्या नमाजानंतर मी यादी उघडली, तर दोनशे बारावर नवीन नाव होतं. साहेबांच्या मेहुण्याचं. पत्रकार. बरातचा अर्ज परत आला, त्यावर तोच शिक्का: कोटा पूर्ण. शिक्क्याची शाईसुद्धा वाळली नव्हती.

सूदाबे, वीस वर्षं मी या हद्दीची बाजू घेत आलो. जेवणाच्या टेबलावर, टॅक्सीत, न्हाव्याकडे. ज्याला रस्ता वापरायचा त्यानं मोल द्यावं, म्हणजे रस्ता सगळ्यांचा राहील. आजही मला ते खरं वाटतं. पण आम्ही भिंत बांधली आणि तिला लगेच चोरदारं पाडली, आणि पहिल्या चोरदारातून मी माझ्याच माणसाला आत घेतलं. मग तक्रार कोणत्या तोंडानं करू? तरीही केली. वर तपास विभागाकडे पाठवली. मेहुण्याच्या नावासकट, माझ्या नावासकट. तुझ्या फाटकावर अजून जागा असेल तर मेहुणा लाव.

माझी बदली कराजच्या रस्त्यावरच्या गोदामात झालीय. तिथे जुने कॅमेरे ठेवतात. कार्यालयाची गाडी आणि तिची आत जायची सूट दोन्ही गेलं. कालपासून मीही शूश चौकात उतरून चालतो; गोदामाची बस बहारेस्तानाहून सुटते.

बघ, हे सगळं करून तुझ्या सहा मुलांपैकी एकही आत आलं नाही. मला दुसरं काय करता येईल ते कळत नाही.

होर्मोज


तेहरानपार्स, १ दे

होर्मोज,

मेहुणा लावला. फाटकावर, माझ्या नावाखाली. गालिचेवाला येऊन वाचून गेला आणि मला म्हणाला, "खानम, ही बदनामी आहे." मी म्हणाले, "हो, आमची दोघांची. तुमच्या नावाच्या वरची ओळ माझी आहे." तेव्हापासून तो गाडी मागच्या गल्लीत लावतो. अजून रोज आणतोच.

तुझं पत्र आलं त्या रात्री मला झोप आली नाही. मी चिडले होते, आणि चिडून चिडून शेवटी एकच प्रश्न उरला, तो रअनाचा. मुली कधी येणार ते सांग.

कॅमेरा गाड्या मोजतो. माणसं नाही.

शनिवारी पहाटे मी प्राइड शूश चौकाच्या अलीकडे लावली. ती आता तिथेच असते. बरातनं मुलं तिथवर आणली. तो हद्दीच्या बाहेर थांबला, आम्ही चालत निघालो. मी पुढे, रअना सगळ्यात मागे, मध्ये मुलं, एकमेकांच्या दप्तराचा पट्टा धरून. सेपीदेला वाटलं पुन्हा कुणाची पाटी झाकायची आहे. मी सांगितलं, आता कुणाचीही झाकायची नाही.

पन्नास मिनिटं लागतात. थंडी आहे, काल तर नाकं लाल झाली होती. चौक ओलांडताना मी रस्त्याच्या मधोमध दोन्ही हात पसरून उभी राहते. गाड्यांना थांबावंच लागतं. मुलांना हॉर्न ऐकू येत नाही, त्यामुळे ती घाई करत नाहीत. मागे सूट असलेल्या मोठमोठ्या गाड्या हॉर्नवर हात ठेवून बसलेल्या असतात, आणि मुलं निवांत, एकमेकांना गोष्टी सांगत रस्ता ओलांडतात. मला कबूल करू दे, त्या हॉर्नचा आवाज मला गोड वाटतो. हे चांगलं नाही. पण वाटतो.

सहापैकी पाच मुलं येतात. इलियाची आई म्हणते, तो इतकं चालू शकणार नाही. बरात म्हणतो, "खांद्यावर घेणारा कुणी असता तर." तो स्वतः येऊ शकत नाही, व्हॅन सोडली की चौकातले पोलीस उचलून नेतात. मी उचलून पाहिलं, दुसऱ्या चौकापर्यंतच जमलं. रअनानं मला थांबवलं.

हे काही उत्तर नव्हे. थंडीत पाच मुलांना चालवत नेणं हा न्याय आहे असं कुणी म्हणालं तर मी त्याचं डोकं फोडीन. आमचा अर्ज मी पुन्हा दिला आणि तो पुन्हा परत आला. देत राहीन. तुझ्या तक्रारीचं काय झालं, तेही विचारत राहीन. पण तोवर सेपीदे भिंतीला शिकवणार नाही.

काल यल्दाची रात्र होती, सगळ्यांनी थोरल्यांच्या घरी जमायची. अम्मांनी शेजाऱ्याच्या हाती डाळिंबं आणि आलुबुखारे पाठवले. वर चिठ्ठी, "थोरल्यांनी आधी यायचं नसतं, पण मी म्हातारी झाले." म्हणजे तूही आधी येऊ शकत नाहीस, कारण तू माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. आणि मी येणार नाही, कारण ती हलव्याची ताटं मला अजून दिसतात. गर्दीत अडकला होतास यावर मी आता विश्वास ठेवते. तरी दिसतात.

मी अबोला सोडलेला नाही, होर्मोज. पण आमच्या रांगेत तोंडानं कुणी बोलत नाही. तू रोज सकाळी शूश चौकात उतरतोसच. मंगळवारी पावणेसातला बरातच्या व्हॅनपाशी ये. त्यानं विचारलं, "तुमचं मूल कोणतं?" तर सांग, इलिया. पोराला मी कळवलंय.

बॅग आणू नकोस. इलियाला खांद्यावर बसवलंस की तो तुझ्या डोक्यावरून हातांनी मागच्यांशी बोलत राहील, आणि चौकाचौकात तुलाही काहीतरी विचारेल. मी तुला चार खुणा शिकवीन. हात मोकळे ठेवून ये.

सूदाबे